लाल कडेची पट्टी

बाबा, आज खंडेनवमी. तुमची पक्कड पुसून पाटावर ठेवली आहे. दुपारी जरा डोळे मिटले की मिल बंद झाल्यानंतरची दुसरी नवमी दिसायला लागते. ज्या लूमना तुम्ही फिटर म्हणून जन्मभर सांभाळलंत, दर नवमीला हळदकुंकू लावलंत, ते सगळे कुलपाआड आहेत. घरात जेवायच्या टेबलावर मी सियागंजच्या बाजारातून एकेक पार्ट आणून जोडलेला कॉम्प्युटर आहे, कॅबिनेट उघडंच. जाळीतून ऊन आत सांडलंय. तुम्ही मिलचा खाकी शर्ट इस्त्री करून घातलाय, हातात तबक. "चलो बेटा, यंदा तरी पूजेला मशीन मिळाली," म्हणता आणि आतल्या पत्र्यावर बोट टेकवता. कुंकवाचे दोन कण खाली बोर्डावर पडतात.

मी बटण दाबते. पंखा फिरतो, स्क्रीन उजळतो आणि लिहून येतं, हार्ड डिस्क सापडत नाही. माझं डोकंच फिरलं. "अरे यार बाबा, हा काय लूम आहे? लावलीत ना वाट!" तुम्ही कुंकवाचं बोट त्या इस्त्रीच्या शर्टालाच पुसलंत.

तीन दिवस मी ब्रशनं कुंकू झाडत होते. आई म्हणायची, "जाऊ दे गं, हौसेनं केलं त्यांनी." चौथ्या दिवशी दिसलं, हार्ड डिस्कच्या केबलची चपटी पट्टी मीच उलटी खुपसली होती. तिची लाल कड पहिल्या पिनेकडे हवी, मी दुसरीकडे लावलेली. फिरवली आणि गाडं सुरू. तुम्ही स्वयंपाकघरातून विचारलंत, "चल गई क्या? काय होतं?" मी म्हटलं, "कुंकू होतं. साफ केलं." कशी जीभ वळली, देव जाणे.

आता भंवरकुआंच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर जोडायला शिकवते, तिथे पोरांना पहिल्याच दिवशी सांगते, आधी आपली जोडणी बघा, मग दुसऱ्याला बोल लावा. तुम्हाला मात्र तुम्ही जाईपर्यंत सांगितलं नाही. हा कागदही पकडीखालीच राहील, तेवढीच माझी हिंमत. पुढच्या प्रत्येक नवमीला तुम्ही स्कूटरला, आईच्या शिलाई मशीनला, या पकडीला कुंकू लावायचात. कॉम्प्युटर पुढे माझ्या खोलीत हलवला होता; तिथे आलात की तबक आईकडे देऊन उंबऱ्याबाहेरूनच हात जोडायचात. मी आतून बघायची. "आत या, बाबा," एवढं म्हटलं नाही.