मेहुणेबुवांना आनंद झाला का?

ता. ४ जून

तीर्थरूप दादास,
धाकट्या ठकूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड काल दुपारी मिळालं. जिना संपला असं समजून पाय टाकलास आणि तो संपलेला नव्हता, हे तू गंमत सांगावी तसं लिहिलं आहेस. पाय प्लॅस्टरमध्ये आहे, शेजारीण डबा देते, पुढे त्या वृद्धांच्या संस्थेत एक खोली रिकामी आहे आणि महिनाअखेर होकार कळवायचा आहे, हेसुद्धा त्याच सुरात. माझ्या हातातलं निवडण तसंच राहिलं. एवढ्या कादंबऱ्या लिहिल्यास, पानापानांतून लोकांचे संसार थाटलेस, आणि म्हातारपणी स्वतः परक्यांच्या खोलीत राहायला जाणार? बहीण काय मेली आहे?

तू सरळ आमच्याकडे ये. आठवड्यासाठी नव्हे, कायमचा. लेक तिच्या घरी, मुलगा नोकरीच्या गावी, घरात आम्ही दोघंच. यांना सांगितलं, तर यांना अतिशय आनंद झाला. मला किती आनंद झाला ते काय लिहू! लेकीला फोनवर कळवलं, तिलाही आनंद झाला. यांना तर अगदी मनापासून आनंद झाला आहे, हे पुन्हा लिहिते, म्हणजे तुला संकोच नको.

देवाला सांगून ठेवलं आहे की दादाची बुद्धी ताळ्यावर आण. कागद पाठकोरा आहे, मागे अस्तराच्या कापडाचे भाव छापले आहेत, ते वाचत बसू नकोस. उत्तर लगेच पाठव. लहान बहिणीवर माया आहे तशीच राहू दे.

तुझी ठकू

ता. ९ जून

चि. सौ. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

अस्तराचे भाव वाचले. तुझ्या पत्रापेक्षा त्यांच्यावर विश्वास लवकर बसला.

रागावू नकोस, हे धंद्याचं दुखणं आहे. तू चार ठिकाणी आनंद लिहिलास आणि यजमानांच्या बाबतीत तो मला कुठेच दिसला नाही. दुष्ट माणूस लिहायला सोपा. त्याला नुसता दाराआड उभा केला तरी वाचणारा सावध होतो. चांगल्या माणसाचं तसं नाही. तो प्रेमळ होता, सालस होता, हसतमुख होता असं लिहीत गेलं, तरी बाटलीवर गोड लिहिलेलं वाचून जीभ गोड होत नाही, तसं होतं. माझ्या पहिल्या दोन पुस्तकांत अशाच बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. मग एका म्हाताऱ्या प्रकाशकाने हस्तलिखित परत देताना सांगितलं की विशेषणं काढून घ्या आणि माणसाला काहीतरी करायला लावा. तेव्हापासून आनंद झालेल्या बाईला मी कंदिलाची काच पुसायला बसवतो, आणि काच कधीचीच स्वच्छ झाली आहे हे तिच्या लक्षात येऊ देत नाही. शब्द लिहावा लागत नाही.

तेव्हा मेहुणेबुवांनी काय केलं ते लिही. काय म्हणाले ते नको, कारण ते काही म्हणाले नसणार. मागे आठ दिवस राहिलो होतो, तेव्हा पंख्याचं बटण कुठे आहे यापलीकडे ते माझ्याशी बोलल्याचं आठवत नाही.

ठकू, तुझ्या मायेची मला शंका नाही. पण घर त्यांचंही आहे. नको असलेल्या माणसाने रोज समोर बसून जेवायचं आणि त्यांनी सभ्यपणाने गप्प राहायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. संस्थेतली माणसं निदान पैसे घेऊन तरी हसतात. महिनाअखेरीआधी खरं काय ते कळव.

दोघांनी प्रकृतीला जपावं आणि या खडूस माणसाला मनातून काढू नये.

दादा

ता. १६ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतका संताप आला की दोन दिवस दौतीला हात लावला नाही. बहिणीचं पत्र म्हणजे काय शाळेतला निबंध, लाल शाईने तपासायला? पण देवासमोर बसते मी, खोटं लिहिणार नाही. जसं घडलं तसं सांगते. तूच बघ.

तू इथे राहायला यावंस असं मी यांना म्हटलं, तेव्हा हे कापडावर खडूने रेघ मारत होते. हं म्हणाले आणि रेघ पुरी केली. बस. आता पत्रात काय ‘हं’ लिहू? चांगलं दिसतं का ते? म्हणून आनंद लिहिला. चुकलं.

दुसऱ्या दिवशी उठून बघते तर शिवणयंत्र पुढच्या खोलीत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ते त्या खिडकीशी आहे. यांनी एकट्याने ओढत मागच्या बोळकंडीत नेलं होतं, आणि भर दिवसा दिवा लावून गिऱ्हाइकाचा कोट शिवत बसले होते. भर दिवसा दिवा! मला वाटलं, झालं, हा राग आहे. तोंडाने बोलायचं नाही म्हणून यंत्र हलवून दाखवलं. मी पोथी वाचायला बसले तर तीच ओळ तीनदा वाचली. शेवटी उठून सरळ विचारलं की तुम्हाला दादा नको असेल तर आत्ताच सांगा. यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, म्हणाले की लिहिणाऱ्याला उजेड लागतो, आणि टाचण्या परत तोंडात घातल्या. पुढे विचारायची सोयच नाही.

मग सुतार आला. न्हाणीघराचा उंबरा तासून घेतला आणि दार बाहेर उघडेल असं फिरवून घेतलं. कशाला म्हटलं, तर म्हणे दार अडकत होतं. अरे, ते दार कधी अडकलं नाही. सुताराचं बिल मी हिशेबात मांडलं तेव्हा समोरच होते, पण मान वर केली नाही.

त्यात वाचनालयातून तुझं पुस्तक आणलं, सुईणीचं. सगळ्या गल्लीतली मुलं जिच्या हातची, ती म्हातारी. जेवण झालं की ओठ हलवत वाचायचे. कालपरवा ती मेली. यांनी पुस्तक मिटलं, चहा तसाच गार होऊ दिला, आणि मग माझ्यावरच घसरले. एवढी चांगली बाई, दार वाजलं की वहाणा घालायच्या आधी कंदील उचलणारी, तिला मारायचं काय नडलं होतं, आणखी चार पानं जगली असती तर तुमच्या दादाचं काय गेलं असतं? महिनाभरात इतकं बोललेले मी ऐकले नव्हते. मी म्हटलं, मला काय विचारता, लिहिणाऱ्याला विचारा. तर म्हणाले, येऊ तर दे, त्याशिवाय सोडतो का! तेव्हा तयारीने ये. यांना जाब हवा आहे.

आणि आता मुख्य तक्रार. स्वतःसाठी राखून ठेवलेलं चांगलं जाड कापड होतं, त्याची यांनी तुझ्यासाठी विजार शिवली. एक पाय गुडघ्यापासून खाली उघडा आणि बाजूला बटणं, म्हणजे प्लॅस्टरवरून घालता येईल. महिन्याभराच्या प्लॅस्टरपायी एवढं कापड चिरायचं? मी बोलायचं ते बोलले. मग बघते तर घडीखाली दुसरी, तशीच, फक्त दुसऱ्या पायाची! तुझ्या कार्डात कोणता पाय ते लिहिलेलं नव्हतं, आणि हे विचारायला लाजले, म्हणून दोन्ही करून ठेवल्या. आहे की नाही शहाणपण? दुसरीला अजून काजं केलेली नाहीत. कोणता पाय ते उलट टपाली कळव, निदान नको ती उसवून कापड वाचवते.

याला तुमच्या पुस्तकात काय म्हणतात ते तूच म्हण. मी आता तो शब्द लिहीत नाही. बहिणीचा राग पोटात घाल.

ठकू

ता. २० जून

चि. सौ. ठकूस,
आशीर्वाद.

उजवा.

संस्थेला काल नकार कळवला. मंगळवारी सकाळच्या गाडीने शेजारचे गृहस्थ मला तुमच्या दाराशी आणून सोडतील. डॉक्टर म्हणाले, प्लॅस्टर निघेपर्यंत थांबा. मी त्यांना सांगितलं की विजार शिवून तयार आहे. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

यंत्र आधी खिडकीशी परत आणा. खिडकी रुंद आहे, मी एका कडेला बसेन. सुईणीबद्दल मेहुणेबुवांना सांग की माझ्याजवळ उत्तर नाही, पण एका दिवसात हे भांडण मिटवायची माझी तयारी नाही. रोज जेवणानंतर थोडं थोडं भांडू.

अक्षर लागलं नाही तर बोल लावू नकोस, पेन्सिलीने लिहितो आहे. पेन सकाळीच ट्रंकेत गेलं, ट्रंकेला दोरी आवळून झाली, आणि मग शेजारणीने विचारलं की मंगळवारपर्यंत अंगात घालणार काय? सगळे सदरे आत आहेत. दोरी सोडायला ती तयार आहे, मीच नको म्हटलं.

बाकी भेटीत. लोभ दोघांचाही असू द्यावा, आणि मंगळवारी दिवा दिवसा लावू नये.

तुझा दादा