वीसपर्यंत मोजा

रोक्कास्कूरा,
४ मार्च १९६२

चि. सौ. नीवेस हीस एर्मेतेकाकाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. इथे गुडघा सोडून सगळं ठीक आहे. मागच्या सप्टेंबरात आमच्या खानावळीपुढच्या वळणावर सिनेमावाले आले होते हे कळवलंच होतं. तो सिनेमा काल खालच्या गावी लागला. अख्खं गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलं.

सिनेमा असा : एक फुशारक्या मारणारा विक्रेता आणि एक लाजाळू कारकून उघड्या मोटारीत मागे लग्नाचा केक ठेवून ऑगस्टच्या उन्हात समुद्राकडे निघालेत. दर वळणाला केकचा एक मजला ढासळतो. रस्ता विचारतात, चुकतात, जेवतात, भांडतात. बस, एवढंच. पण आपण खुर्चीत बसल्या बसल्या त्यांच्याबरोबर हिंडतो गं. आमच्यातल्या निम्म्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, ते काल जाऊन आले. शेवटी दोघं पोचतात तेव्हा मांडव उठलेला, टेबलं आवरलेली. तिथे हसता हसता सगळ्यांनी रुमाल काढले.

आता माझं ऐक. त्या सिनेमावाल्यांच्या साहेबानं मला वळणावर उभं करून सांगितलं होतं की आजोबा, रस्ता दाखवल्यासारखे हातवारे करा आणि वीसपर्यंत मोजा. आवाज आम्ही रोममध्ये मागाहून घालतो. त्यांच्यात तशीच पद्धत आहे म्हणे. काल पाहतो तर तोंड माझं आणि आतून बोलतोय नेपल्सचा कुणी जाड्या. मेलेल्या गाढवापासून डावीकडे वळा म्हणतो, गाढव अजून तिथेच असलं तर. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मी मात्र थिजलो. सत्तर वर्षं वापरलेलं तोंड कुणाला भाड्यानं दिल्यासारखं वाटलं.

खरं सांगायचं तर मी मोजलंच नव्हतं. सातापर्यंत गेलो आणि भलतंच बोललो. ऐकणार होतं कोण? जाऊ दे.

तुझ्या बाबांना दाखवशील? आम्हा भावांचा अबोला अकराव्या वर्षात गेला. माझी पत्रं तो न फोडता परत धाडतो. पण माझ्या मागे आईनं लावलेलं तुतीचं झाड छान दिसतंय. तेवढं त्याला दिसावं.

इकडची माया आहेच. तिकडची थोडी आमच्याकडे वळती कर.

तुझा,
एर्मेतेकाका


तुरीन,
८ मार्च

ती. स्व. एर्मेतेकाकांस नीवेसचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र वाचून आम्ही नवराबायको पोट धरून हसलो. लिव्हिओ आता तुम्हाला गाढववाले काका म्हणतो. रागावू नका, तो सासुरवाडीच्या सगळ्यांना नावं ठेवतो.

बाबांना या रविवारीच नेते. असले सिनेमे ते सोडत नाहीत. तुम्हाला कुणी कळवलं नसेल, पण बॉयलरच्या कारखान्यात ठोकाठोकी ऐकून ऐकून त्यांचे कान पुरते गेले. सहा वर्षं झाली. दिवाणखान्यात बसून बोलायचे सिनेमे त्यांना आवडत नाहीत; त्यातले लोक मेले पाठ फिरवून बोलतात, अशी त्यांची तक्रार. मोटारीत मात्र दोघंही समोर बघतात, तोंडं स्वच्छ दिसतात, आणि बाकीचं रस्ता सांगतो.

कारण बाबा आता ओठ वाचतात. कारखान्यात सगळेच शिकतात. पडद्यावर नट बोललेला असतो एक आणि वर आवाज चढवलेला असतो दुसराच, त्यामुळे आमच्या बाबांना सिनेमा वेगळाच दिसतो. परवा नायक प्रेमाच्या आणाभाका घेत होता आणि भरल्या थिएटरात बाबा एकटेच खदखदले. तो म्हणे चीज महागल्याचं सांगत होता. तेव्हा तुमचे सातापर्यंतचे आकडे बरोबर होते की नाही, ते आता बाबाच तपासून सांगतील.

गुडघ्याला जपा, आणि लोभ इतक्या लांबूनही असाच ऊबदार ठेवा.

आपली,
नीवेस


रोक्कास्कूरा,
१० मार्च

चि. सौ. नीवेस, आशीर्वाद.

बाबांना नेऊ नकोस. घाईत लिहितोय, अक्षर लावून वाच.

तुझं पत्र आत्ता दुपारी हातात पडलं. तसाच तार करायला धावलो, तर बर्फानं घाटातल्या तारा तुटल्यात. लाइन जुळली की पाठवतो, असं पोस्टमास्तर म्हणाले. देव कुणाला कशात धरील सांगता येत नाही.

कशात ते ऐक. आमची आई शेवटचे दोन दिवस साबातीनोचं, तुझ्या बाबांचं, नाव घेत होती. डॉक्टर म्हणाले, मुलाला तार करा. मी केली नाही. तिचं हगणंमुतणं मी काढायचं, भरवायचं मी, आणि ओठांवर नाव त्याचं. माझ्या पोटात साप शिरला होता, दुसरं काय. बुधवारी ती गेली. तार मी गुरुवारी दिली, तीही ‘आई अत्यवस्थ’ एवढीच. तो आला तेव्हा माती देऊन झाली होती. तिथेच सगळ्यांदेखत त्यानं विचारलं की तार कधी दिलीस. मंगळवारी, असं मी म्हणालो, आणि खापर पोस्टावर फोडलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोललाच नाही.

चर्चमध्ये पाद्र्याला सांगायचा मला धीर झाला नाही. पण त्या वळणावर समोर मोटार, कॅमेरा, पन्नास माणसं, आणि ऐकणारं कुणी नाही. सातावर जीभच वळली. सगळं बोलून टाकलं, आपल्या डोंगरी बोलीत. त्या बोलीत तोंड कसं हलतं हे साऱ्या तुरीनमध्ये एकाच माणसाला कळेल.

त्याला समुद्राला ने, बाजारात ने, कुठेही ने. थिएटरात नको. हे तुला वेळेवर मिळो.

तुझा,
काका


तुरीन,
१४ मार्च

ती. स्व. काकांस शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र काल मंगळवारी आलं. तार अजून आलेली नाही. आम्ही रविवारी जाऊन आलो होतो.

मला अजून विश्वास बसत नाही, म्हणून घडलं तसं लिहिते. तुतीचं झाड दिसलं तेव्हा बाबांनी माझा हात दाबला. मग तुम्ही आलात. गाढवाचं वाक्य पडलं आणि थिएटर हशानं गदगदलं. लिव्हिओ तर शिट्टी वाजवत होता. बाबा हसले नाहीत. ते उभे राहिले. आपला आवाज किती मोठा लागतो ते त्यांना कळत नाही, काका. त्या हशातसुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं :

“गुरुवारी. गुरुवारी दिली म्हणतोय.”

मागचे लोक ओरडले की आजोबा, बसा खाली. ते केकचे आणखी दोन मजले ढासळेपर्यंत उभेच होते. मग बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसले. मला वाटलं, डोक्यात काही झालं. सोमवारी तिकीट काढून एकटेच पुन्हा गेले. मंगळवारी पुन्हा.

काल घरी आले तेव्हा तुमचं पत्र मी वाचून टेबलावर ठेवलं होतं, सुन्न होऊन. त्यांनी ते उचललं आणि वाचलं. तुमचं पत्र त्यांनी हातात धरलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. आज सकाळी घडी घातलेली चिठ्ठी दिली आणि पाकिटात घाल म्हणाले. मी उघडलेली नाही. तुम्ही घट्ट बसून वाचा.

कमीजास्त बोलले असेन तर पोटात घाला, पण माझ्यावरची माया आवरती घेऊ नका.

आपली,
नीवेस


(सोबतची चिठ्ठी)

दादा,

तारेवर दिल्याची वेळ छापलेली असते. गुरुवार, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. तुरीनच्या स्टेशनात गाडीची वाट बघत मी ती वीसदा वाचली होती. कबरीपाशी तुला विचारलं ते मला कळावं म्हणून नव्हे. तू सांगावंस म्हणून. तू मंगळवार म्हणालास.

ती तार अजून माझ्या खिशातल्या पाकिटात आहे. तुझी पत्रं परत केली, कारण फोडली आणि आत पुन्हा मंगळवारच निघाला तर काय करायचं, ही धास्ती.

सिनेमा तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा लक्षात आलं की आईचं नाव आलं तिथे तू हातवारे करायचे विसरलास.

माफीचं तिथे आल्यावर बघू. ईस्टरला लिव्हिओच्या मोटारीनं येतो. रस्ता ठाऊक आहे, तरी वळणावर येऊन उभा राहा.

मला ऐकू येत नाही. तोंड माझ्याकडे करून बोल.

साबातीनो