झाकणाचा कप

आनो सिरोस, सोमवार

तीर्थस्वरूप लिनार्दो दादास,
अनेझाचा वाकडा (अक्षरापुरता, भाव सरळ आहे) नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. गुरुवारी अथेन्सचे डॉक्टर तुझ्या हृदयाची झडप बदलणार, तू मुळीच घाबरलेला नाहीस, जेवण बरं आहे, आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरात, ‘जमल्यास माझ्या नावानं थोडी कॉफी सांड.’ म्हणजे किती घाबरला आहेस ते कळलं. आपल्याकडे कॉफी सांडली की शकुन. त्या न्यायानं मला सेरेब्रल पाल्सी आणि तिच्यासोबत हा हलता हात देऊन देवानं अख्ख्या गावाची सोय केली. जहाजावर होतास तेव्हा दर सफरीआधी तू झेपोसच्या कॉफीच्या दुकानात माझ्यासमोर बसायचास आणि माझ्या बशीत कॉफी पडून सगळे “शकुन झाला!” ओरडेपर्यंत उठायचा नाहीस. (फार वेळ बसावं लागत नसे.)

पण दादा, इथे अनर्थ झालाय. झेपोसची सून दानाई (गोड मुलगी, पायांत सदैव पळायचे बूट) हिनं नगरपालिकेच्या सभागृहात माझं अनुभवकथन ठेवलं. माझी जीभ शब्दापाशी पोचायला वेळ घेते. विचार केव्हाचा पोचून तिची वाट बघत उभा असतो. तेवढ्यात ही पोरगी माझी वाक्यं पुरी करू लागली. मी म्हणाले, मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो... पुढचा शब्द होता ‘मदत करणाऱ्यांचा’. ती म्हणाली, “एकटेपणाचा!” सभागृह रडलं. मी म्हणाले, कॉफी पिताना मी... (कुणाच्या कपाकडे टक लावून बघत नाही, इतकंच सांगायचं होतं.) “तहानलेलीच राहते!” पुन्हा रडारड. जिथे मी छत्तीस वर्षं गावाच्या जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या, तिथेच माझी जिवंतपणी शोकसभा झाली.

परिणाम असा, की कालच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपल्यावर दुकानात मला टाळ्यांच्या गजरात एक कप भेट मिळाला. दोन कान, घट्ट झाकण, वर चोच.

“घे गं अनेझा, पोरीनं हौसेनं आणलाय,” झेपोस म्हणाला.

“तुझ्या नातीला दे. तीन वर्षांची आहे.”

“दिला होता. ती म्हणाली, मी आता मोठी झाले.”

आठ दिवस एक थेंब सांडला नाही. मासेमार येतात, चोचीकडे बघतात, उसासा टाकून समुद्रावर जातात.

असो. सुशिक्षित माणसानं शकुनावर विसंबू नये. शिवाय शाळेत सिस्टर युजेनी बजावायच्या, की नकळत सांडलं तर क्षमा, मुद्दाम सांडलं तर पाप. सबब तुझी विनंती मान्य करता येत नाही. डॉक्टरांचं ऐक.

तुझी धाकटी बहीण,
अनेझा

ता. क. पत्रावरचा तपकिरी डाग पुसू नकोस. आत्ता झेपोसकडून भांडून माझा जुना कप घेतला. पत्र समोर ठेवलं, तुझं नाव घेऊन कप उचलला, आणि अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा हा दळभद्री हात बिशपसारखा स्थिर राहिला. दोनदा! तिसऱ्यांदा मी कॉफी सरळ ओतली. पापाचं रविवारी बघू.

ता. क. दुसरा. ओतलेल्या कॉफीचा शकुन लागतो का, यावर दुकानात कडाक्याचं भांडण चालू आहे. झेपोस म्हणतो, नाही. मी दानाईकडे वळून म्हणाले, मला भीती वाटते की... आणि ती चक्क गप्प राहिली. शब्द येईपर्यंत थांबली. मग पत्र मागितलं. उद्याच्या बोटीनं स्वतः तुझ्या हातात देणार आहे. (बूट कामी आले.) तेव्हा हा वाद तूच मिटवायचा. शुद्धीवर आलास की स्वतःच्या हातानं दोन ओळी लिही. अक्षर वाकडं आलं तरी हरकत नाही. आपल्या घराण्यात ते चालतं.