सुईवर राहिलेली कार्डं

सर, तुमच्या बहिणीची विणायची सुई अजून माझ्याकडे आहे. दादरच्या या घराला तीन वेळा रंग दिला, दोनदा कपाटं बदलली, पण ती सुई आणि कार्डांच्या दोन पेट्या मी हलू दिल्या नाहीत. एका पेटीत तुमचं लॅटिन आहे आणि दुसरीत परळच्या कचेरीतली देवीची साथ. परवा विद्यापीठातली एक मुलगी आली होती. ती संगणकावर संशोधन करते. जुन्या साथी आणि जुन्या ग्रंथांतली साथींची वर्णनं एकत्र घालून काहीतरी शोधते आहे, आणि कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं. दोन दिवस इथे टेबलाशी बसून तिने एकेक कार्ड यंत्रात भरलं. जाताना तिने एक प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं. तेव्हापासून माझा डोळा लागत नाही, म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता कितीतरी मोठी आहे. पण तुमच्यासमोर बसले की अजूनही वही लपवावीशी वाटते.

तुमचं घर खोताच्या वाडीत, लाकडी जिन्याचं. घरात मोठं टेबल एकच, तेही स्वयंपाकघरात, म्हणून आपलं सगळं संशोधन तिथे चालायचं. एका टोकाला तुमची बहीण मासळी साफ करते आहे, खिडकीत बाटल्यांत ठासून भरलेला मसाला, आणि दुसऱ्या टोकाला आपण दोघं रोमन माणसांची प्रेतं मोजतो आहोत. तुम्ही कॉलेजातून निवृत्त झाला होतात, आणि लॅटिनमध्ये साथीच्या रोगाचं वर्णन जिथे जिथे आहे ते सगळं जमवायचा ध्यास घेतला होतात. 'कुणी डोळ्यांनी बघून लिवलं आणि कुणी दुसऱ्याचं बघून उतरवलं, एवढंच मला बघायचंय गो बाय,' तुम्ही म्हणायचात. आमच्या घरात सगळे कारकून नाहीतर वकील. कॉलेजात तुमच्याकडे लॅटिन शिकून मुलीचं काय होणार, असं प्रत्येकाने एकदा तरी विचारलं होतं. मी गणितात पदवी घेतली आणि साथीच्या रोगांची गणती करणाऱ्या परळच्या कचेरीत चिकटले. रविवारी मात्र तुमच्याकडे.

कार्डांची युक्ती मी कचेरीतून आणली, याचा मला केवढा तोरा होता! जाड कार्डाच्या कडेने भोकं पाडलेली असतात. प्रत्येक भोक एका गोष्टीचं: हे तापाचं, हे तहानेचं, हे गुरं आधी मेल्याचं. ज्या उताऱ्यात ताप आहे त्या कार्डावर तापाच्या भोकाची कड कापून टाकायची. मग सगळ्या कार्डांची चवड करून त्या भोकातून लांब सुई घालायची, उचलायची, आणि हलवायची. कड कापलेली कार्डं खाली पडतात, बाकीची सुईवर राहतात. कचेरीत त्यासाठी लोखंडी सळई होती. तुमच्याकडे बहिणीची विणायची सुई घेतली. पहिल्यांदा कार्डं टेबलावर सांडली तेव्हा तुम्ही टाळी वाजवलीत आणि बहीण ओरडली, 'माझ्या बोंबलांवर पाडू नका तुमचे मेलेले!'

पण त्याच टेबलावर तुम्ही मला जे बोललात ते आजही ऐकू येतं. एका जुन्या इतिहासातला उतारा मी कार्डावर चढवला होता. मूळ पोथीचं पान तिथे फाटलेलं, म्हणून छापील पुस्तकात मध्येच ओळभर चांदण्यांच्या खुणा होत्या. मी चांदण्या सोडल्या आणि पुढे गेले. तहानेचा उल्लेख सापडला नाही, म्हणून ती कड कापली नाही. सुई घातली, ते कार्ड सुईवर राहिलं. मी म्हटलं, 'याच्या साथीत तहान नव्हती, सर.' तुम्ही कार्ड हातात घेतलंत, पुस्तक उघडलंत, आणि इतके लाल झालात की बहिणीने सुरी खाली ठेवली. 'नव्हती? तुला कुणी सांगितलं नव्हती? पान फाटलंय! तिथे काय होतं ते आपल्याला ठाऊक नाय. ठाऊक नाय आणि नव्हतं, दोन्ही एकच काय गो? तुझी सुई आंधळी हाय. तू तरी डोळे उघडे ठेव.' मी रडले. तुम्ही समजूत काढली नाहीत. तांबड्या पेन्सिलीने कार्डाच्या कोपऱ्यात एक चांदणी काढलीत आणि म्हणालात, जिथलं हरवलंय तिथे ही खूण करायची, मगच सुईला हात लावायचा. निघताना मात्र जिन्यापर्यंत आलात आणि ती सुई माझ्या पिशवीत खोचलीत. 'कचेरीत ने. सळईपेक्षा बरी.' तुम्ही मला दिलेली ती एकच वस्तू.

मग ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून गिरगाव, परळ, लालबाग सगळं रस्त्यावर उतरलं होतं. गोळीबार झाले, संचारबंदी लागली, दगड आणि अश्रुधूर. आमच्या वाडीतही रोज कुणी ना कुणी डोकं फोडून घेऊन यायचं. मीसुद्धा सभांना जायची, घसा बसेपर्यंत ओरडायची. आणि त्याच दिवसांत गिरणगावात देवीची साथ होती. आमच्या कचेरीतली माणसं खोलीखोलीतून फिरून कोण आजारी, कुणाला टोचलंय, ते कार्डांवर उतरवायची. लालबागच्या एका चाळीत त्यांना जाताच आलं नाही. एक तर रस्ता बंद, आणि चाळीच्या तोंडाशी पोचले तरी लोक म्हणत, सरकारी माणूस नको. त्या चाळीची कार्डं नुसती खोलीचा नंबर घालून परत आली. बाकी कोरी. साहेबांना शनिवारपर्यंत यादी हवी होती: कुठल्या चाळीत रुग्ण आहेत, कुठल्यात नाहीत, म्हणजे देवी टोचणाऱ्यांना तसं पाठवता येईल. मी तुमची सुई काढली. रुग्णाच्या भोकातून घातली, हलवली. त्या चाळीचं एकही कार्ड पडलं नाही. मी लिहिलं, 'रुग्ण नाहीत.'

सर, तांबडी पेन्सिल माझ्या खणात होती. हात लांब करायचा अवकाश होता. मला सभेला जायची घाई होती, एवढंच कारण. याहून मोठं कारण शोधायचा मी आयुष्यभर प्रयत्न केला, सापडलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही अस्वस्थ होतात. कॉलेजातला तुमचा जुना शिपाई, तुमच्याबरोबरच निवृत्त झालेला मालवणकडचा माणूस, दर महिन्याला न चुकता तुम्हाला भेटून जायचा. तो या खेपेला आला नव्हता. अंगात ताप आहे, असा निरोप होता. तो त्याच चाळीत राहायचा. तुम्ही चाळीचं नाव सांगितलंत आणि हसून म्हणालात, 'बघ गो बाय, तुझ्या सुईला विचार. जाऊ काय?' मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. 'खुशाल जा सर. त्या चाळीत एकही रुग्ण नाही. मी स्वतः यादी केली आहे.' तुम्ही सदऱ्याची बाही वर केलीत. दंडावर लहानपणच्या देवी काढल्याची पुसट खूण होती. 'तरी परत टोचून घेऊ काय? पन्नासाच्या वर वर्षं झाली असतील.' मी म्हटलं, 'कशाला उगाच? हात सुजेल, लिहिता येणार नाही.' तुम्ही बाही खाली केलीत.

पुढचं मला तुमच्या बहिणीने सांगितलं. संचारबंदी उठल्याबरोबर तुम्ही चालत गेलात. शिपायाला साधा हिवताप होता. पण खोलीत चादर लावून केलेल्या पडद्यामागे त्याची सून देवी येऊन पडली होती. इस्पितळात नेतील म्हणून त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं, उशाशी कडुनिंब ठेवला होता. तुम्ही दुपारभर त्या खोलीत बसलात. मग ती पाणी मागू लागली. घरात उठणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तुम्हीच उठलात आणि तिला पाणी पाजलंत. तुमच्या लॅटिन कार्डांवर एक भोक त्याचंच होतं: शुश्रूषा करणारे आधी पडले. घरी आल्यावर बहीण संतापली तेव्हा म्हणालात म्हणे, 'बायने सांगितलं होतं तिथे काय नाय. आता होतं, तर काय तहानलेलीला तसंच सोडू?'

दहा-बारा दिवसांनी तुम्हाला ताप भरला. साथीच्या इस्पितळात नेलं तिथे मला आत सोडलं नाही. मी फाटकाशी उभी राहायची आणि जो येईल त्याला विचारायची. तिसऱ्या दिवशी एक वॉर्डबॉय म्हणाला, 'ते म्हातारे मास्तर ना? परक्या भाषेत काहीतरी म्हणत असतात.' त्याने ऐकलं तसं एक-दोन शब्द म्हणून दाखवले. मला कळले. तुम्ही पाणी मागत होतात. ते मी त्याला सांगितलं, आणि तो धावत आत गेला, एवढंच तुमच्यासाठी माझ्या हातून झालं. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. शवपेटी उघडून तोंड बघू दिलं नाही. शिपायाची सूनही गेली. त्या चाळीत मग टोचणारे पोचले तेव्हा बऱ्याच दारांमागे पडदे निघाले. मी त्या चाळीची जुनी यादी फाडली, कोऱ्या कार्डांवर तांबड्या चांदण्या काढल्या आणि नवी यादी केली. साहेबांनी काही विचारलं नाही. त्या गडबडीत कोण कुणाला विचारणार होतं?

तुमचं कार्ड माझ्याच टेबलावर आलं. वय, पत्ता, देवी काढल्या होत्या का: एकदा, लहानपणी. शेवटचा रकाना होता, लागण कुठून झाली. मी तांबडी पेन्सिल घेतली, कोपऱ्यात चांदणी काढली आणि लिहिलं, 'अज्ञात'. त्या रविवारी तुमच्या बहिणीने मला नेहमीसारखं जेवायला वाढलं आणि विचारलं, 'त्या सुनेकडनंच लागलं ना गो? पण तू तर म्हणाली होतीस तिथे काय नव्हतं. तुझ्या कागदांत काय लिवलंय?' मी म्हटलं, 'नक्की कळलं नाही, बाई.' तिने माझ्या ताटात कालवण वाढलं. ती असेतो मी दर रविवारी जात राहिले. जाणं हे प्रायश्चित्त आहे असं मला वाटायचं, पण जेवण चांगलं असायचं, म्हणजे तेही खरं नव्हे. तुमच्या लॅटिन कार्डांची पेटी तिनेच मला दिली. ते काम कुणी पुरं केलं नाही, मीही नाही.

नंतर मोठी यंत्रं आली, कचेरीने टाकून दिलेली देवीची कार्डं मी घरी आणली, यंत्रांवर काम केलं, पुढे शिकवायलाही लागले. 'कोरं म्हणजे शून्य नव्हे' हे माझं इतकं पालुपद झालं की मुलं मागून माझी नक्कल करायची. हे कुठे शिकलात, असं विचारलं की मी अभिमानाने तुमचं सांगायची, फाटक्या पानाचं, बोंबलांचं. आणि एका कचेरीतली चूक म्हणून त्या चाळीची गोष्टही सांगायची. 'आमच्याबरोबर एक मुलगी होती,' अशी तिची सुरुवात असायची. मुलं त्या मुलीला हसायची. मीही हसायची.

परवा त्या संशोधक मुलीने तुमचं कार्ड उचललं. नाव नाही, नुसता नंबर, तिला काय माहीत कुणाचं ते. किती जपून हाताळत होती! कोपऱ्यातल्या चांदणीवर बोट ठेवून म्हणाली, 'बाई, ही तीच खूण ना, लॅटिनच्या पेटीतली? इथली माहिती हरवली आहे, अशी? मग मी अज्ञात म्हणून भरते.' किती हुशार मुलगी, तुम्हाला आवडली असती. सांगायला याहून चांगली वेळ मला परत मिळणार नव्हती. साक्षीदार कुणी उरला नाही, रागावणारं कुणी नाही. तिची बोटं यंत्रावर थांबली होती.

हे पत्र कुठे पाठवणार? दुमडून तुमच्याच पेटीत ठेवीन. सर, कोऱ्या कार्डांवर मी वेळेवर तुमची खूण केली नाही, आणि तुमच्या कार्डावर केली तिथलं काहीच हरवलेलं नव्हतं, मला सगळं ठाऊक होतं. मुलीने विचारलं तेव्हा मी 'हो, भर,' म्हणाले.