रुद्राणीचं इष्टलिंग

१९ जानेवारी
पैठणहून निघून अकरा दिवस झाले. पाथरीच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला तंबू ठोकला. बायकोची, चन्नबसम्माची टाच पार सोलून निघाली आहे — उद्या चालणं बंद! मी तरी कुठला धडधाकट? तीस वर्षं एसटीत कंडक्टर. उभं राहायची सवय आहे, चालायची नाही. पण ही वाट आमच्या लेकीनं, रुद्राणीनं वहीत आखून ठेवलेली. ती गेली, मग चालायचं कोणी? तिची सॅक माझ्या पाठीवर आहे.

२० जानेवारी, सकाळ
मुक्कामाचा दिवस. शेतमालकीण बायनाबाई हुरडा घेऊन आल्या. "ह्या वयात येवढं वझं घिऊन पायी? लेकरंबाळं न्हाईत का?"
चन्नबसम्मा म्हणाली, "एक लेक हाय की. परभणीला."
खोटं कुठं बोलली? परभणीलाच आहे, मातीत. मी उठून तंबूच्या दोऱ्या आवळत बसलो. दोऱ्या घट्टच होत्या.

दुपार
ती झोपली आहे. लिहून टाकतो.
आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. जन्मापासून गळ्यात असलेलं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. वैशाखात रुद्राणी तापानं गेली, सव्वीस वर्षांची. विधी करणाऱ्या स्वामींनी विचारलं, "लिंग हातात दिलं का?" मी म्हणालो, "दिलं." दिलं नव्हतं! तिच्या लिंगाची चांदीची डबी माझ्या खिशात होती. सगळंच कसं देऊन टाकायचं? लेक दिली ना मातीला!
आता डबी सॅकच्या तळाशी आहे, तिच्या स्वेटरमध्ये गुंडाळून. पोरगी आठ महिने तिथं मोकळ्या हातानं बसली आहे — माझ्यामुळे. लाज वाटते. चन्नबसम्मा रोज सकाळी पदराआड लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही. तिला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही. गंगाखेडला गुपचूप नदीत सोडून द्यावं? की सांगावं?

संध्याकाळ
सांगितलं! टाचेला हळद लावता लावता. रडलोही, चांगला हुंदके देऊन.
तिनं मान वर केली नाही. "जरा हळू धरा, दुखायलाय," एवढंच म्हणाली. भाकरी केली, मला वाढली, स्वतः जेवली नाही.

२१ जानेवारी
सकाळी तिनं गळ्यातली डबी काढून माझ्यासमोर उघडली. आत काहीच नाही.
"तुमी स्वामींना 'दिलं' म्हणलात, तवा तिचा हात माझ्याच हातात व्हता. मोकळा व्हता. मग त्यात माझं लिंग ठिवलं."
आठ महिने ही बाई रोज सकाळी रिकाम्या तळहाताची पूजा करते आहे!
"मला विचारलं का नाहीस गं?"
"इचारलं असतं तर तुमी तिचं देऊन टाकलं असतं. मग तुमच्यापशी काय ऱ्हायलं असतं?"