पक्ष बदलला

लायडन, मंगळवार संध्याकाळ

स्टेशनबाहेर सायकल धरून मी बाबांशी फोनवर बोलत होते. प्रबंध कुठवर आला, असं ते विचारत होते. प्रबंधातला माझा माणूस म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत, नव्याने वस्ती होणाऱ्या मुलखातला वकील, पुढे आमदार. म्हटलं, "निवडून आल्यावर त्याने पक्ष बदलला."

बाबांची उभी हयात तालुका कोर्टात गेली. ते म्हणाले, "अगं, मग आधीच्या पक्षकाराचं काय झालं?"

मी हसले. राजकीय पक्ष हो, बाबा.

पण घरी येऊन कागद उघडलेच. त्याची शेवटची केस एका विधवेच्या बाजूने, तिच्या जमिनीची, रेल्वे कंपनीविरुद्धची. आमदार झाल्यावर त्याने मत दिलं ते त्याच कंपनीच्या बाजूने. हे मी लिहिलंय, तळटीपेत. तिचं नाव मात्र नाही. तिला लिहिता येत नसावं, अर्जावर सहीच्या जागी फुली आहे, शेजारी कारकुनाने लिहिलेलं नाव पुसट झालंय. मी ते लावून वाचायचा प्रयत्नच केला नव्हता. का?

उद्या प्रबंधाचं हे प्रकरण द्यायचंय. सगळं नीट जुळलंय, फक्त ती फुली सोडून.

बाबांनी बरोबर विचारलं. चार वर्षं मी त्याचंच वकीलपत्र घेऊन बसलेय.