लाल सलामाचं उत्तर

बरवा अल बराहा, दोहा
५ जानेवारी २०२४

ती. आबांस, सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. तुमची नात कोमल जवळ बसून मोठ्यानं वाचून दाखवेलच.

आमचं वेल्डिंग तपासणारे मारेकसाहेब पोलंडचे. तरुणपणी जहाजाच्या कारखान्यात संपावर होते म्हणे. ते ऐकून मी हौसेनं म्हटलं, आमचे आबा सूतगिरणीतले, लाल बावट्याचे, त्यांच्याकडून कॉम्रेडला लाल सलाम! अहो, माणूस पांढराफटक पडला. रोज माझ्या शेजारी जेवणारे, आता लांब जाऊन बसतात. फार लागलंय मला. माझं चुकलं काय?

लोभ आहे तसाच ठेवा.
तुमचा किसन


इचलकरंजी
१४ जानेवारी

चि. कॉ. किसनास लाल सलाम.

तुझं काही चुकलं नाही, चुकलं त्याचंच. तिथं तेव्हा लाल बावट्याचं, कामगारांचंच राज्य होतं. आपल्याच राज्याविरुद्ध कुणी संप करतंय होय रे? परक्यांनी फूस लावली, आम्हाला सभेत तेव्हाच सांगितलं होतं. विचार त्याला, मागत काय होता म्हणावं! आणि जेवण टाळू नकोस.

कॉ. केरबा


दोहा
२६ जानेवारी

ती. आबांस, सा. न. वि. वि.

आधी माफी मागितली, मग विचारलं. त्यांना स्वतःची युनियन हवी होती, सरकारनं बसवलेली नको होती. त्यापायी त्यांच्या वडिलांना घरातून उचलून नेलं. तेही वेल्डरच. न्यायला आलेला शिपाई त्यांना कॉम्रेड म्हणाला होता.

आबा, त्यांच्या युनियनचं नाव आपल्या भाषेत सांगायचं तर एकजूट. तुम्ही गेटवर घसा फोडून ओरडायचात, तोच शब्द. आता त्यांना तुमचा काय निरोप देऊ?

रागावू नका, माया असू द्या.
तुमचा किसन


इचलकरंजी
८ फेब्रुवारी

चि. किसनास अनेक आशीर्वाद.

पत्र कोमलकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. कॉम्रेड या शब्दापायी मी लाठ्या खाल्ल्यात, तो मी सोडायचा नाही. पण एकजूट म्हणणाऱ्या वेल्डरला उचलून नेतो, तो कॉम्रेड कसला? ते राज्य कामगारांचं नव्हतं. हे सांगताना लई जड जातंय बघ, पण लिही म्हटलं कोमलला.

मी देव न मानणारा. गल्लीत कुणी राम राम घातला तर उभा जन्म लाल सलामच ठोकला. मारेकरावांना माझा राम राम सांग. कोमल खुदकन हसली, खोडू का म्हणाली. म्हटलं, राहू दे.

तुझा,
आबा